ऐकणारांचा इतिहास

संगीताचा इतिहास म्हणून आपल्याकडे जें लिहिलें जातें तें बहुधा गाणारांचें चरित्र असतें. कोणत्या घराण्याचा मूळ पुरुष कोण, कोणत्या दरबारीं कोणत्या बुवांची वा खाँसाहेबांची नेमणूक होती, अमुक चीज एका गळ्यांतून दुसऱ्या गळ्यांत कशी गेली, ह्या गोष्टी त्यांत येतात; आणि त्या यावयासच हव्या. परंतु गाणें ही एकट्या गाणाराची कृति नव्हे. समोर बसलेल्या माणसानें सम ओळखली, योग्य जागीं मान हलविली, किंवा नुसता श्वास रोखून धरला, तर गाणाराला पुढची जागा सुचते. आणि समोरचा श्रोता पानाच्या तबकाकडे पाहूं लागला, तर चांगल्या गवयाची तानहि कोरडी पडते. अशा ह्या श्रोत्याचा इतिहास मात्र क्वचितच कोणी सांगतो. तो कोण होता, त्याला ऐकावयास कोठें मिळे, ऐकलेलें तो दुसऱ्याला कसें सांगे, आणि त्याच्या ह्या सांगण्यानें संगीताचें काय झालें, एवढ्याच प्रश्नांचा विचार येथें करावयाचा आहे. विषय महाराष्ट्रापुरता आणि साधारणपणें गेल्या दीडशें वर्षांपुरता मर्यादित ठेवला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रागदारी गाणें ऐकण्याचीं स्थळें मोजकीं होतीं. संस्थानिकांचे दरबार, सरदारांचे व सावकारांचे वाडे, कांहीं देवस्थानें, आणि गाणाऱ्या बायकांच्या बैठकी. ह्यांपैकीं पहिल्या दोन ठिकाणीं आमंत्रणाशिवाय प्रवेश नव्हता आणि शेवटच्या ठिकाणीं गेल्याचें कोणी उघड सांगत नसे. कीर्तनाच्या निमित्तानें देवळांत रागांची ओळख होई, पण ती ओझरती. म्हणजे ज्याला आज आपण मध्यमवर्ग म्हणतों, त्या कारकून, शिक्षक, वकील, वैद्य ह्यांच्या वर्गाला उत्तम गाणें ऐकण्याचा सरळ मार्ग जवळजवळ नव्हताच. आणि त्याच्या घरांतील बायकांना तर तो मुळींच नव्हता.

हा मार्ग प्रथम मोकळा केला तो मंडळ्यांनीं. १८७० सालीं मुंबईस कैखुश्रू काबराजी ह्यांच्या पुढाकारानें पारशी गायन उत्तेजक मंडळी निघाली, आणि १८७४ सालीं पुण्यास बळवंत त्र्यंबक सहस्रबुद्धे ह्यांच्या खटपटीनें गायन समाज स्थापन झाला. शिकलेल्या व प्रतिष्ठित लोकांच्या मनांत गाण्याविषयीं जी तुच्छता बसली होती ती दूर करावी, हा अशा मंडळ्यांचा एक मुख्य हेतु होता. पारशी मंडळीच्या बैठकींना १८८४ पासून एक तरुण विद्यार्थी सभासद म्हणून येऊं लागला. तो पुढें वकील झाला, आणि वकिली सोडून त्यानें हिंदुस्थानी संगीताचें शास्त्र नव्यानें मांडलें. पंडित विष्णु नारायण भातखंडे ते हेच. त्यांच्या विद्वत्तेविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु त्या विद्वत्तेचा पाया एका जागरूक श्रोत्याचा होता, हें सहसा कोणी ध्यानांत घेत नाहीं. उस्ताद गातात एक आणि जुने ग्रंथ सांगतात दुसरें, ही विसंगति त्यांना प्रथम कानांनीं जाणवली. पोथ्यांचा धांडोळा त्यांनीं त्यानंतर घेतला.

दुसरी वाट रंगभूमीनें पाडली. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आलें. तेव्हांपासून पुढें चाळीस-पन्नास वर्षें मराठी माणसाची रागांशीं पहिली ओळख नाटकाच्या पदांतूनच होत गेली. १९१६ सालच्या ‘स्वयंवर’ नाटकाच्या पदांना भास्करबुवा बखल्यांनीं चाली दिल्या, आणि ख्यालगायकीचे संस्कार बालगंधर्वांच्या गळ्यांतून अशा माणसांपर्यंत पोहोंचले कीं, ज्यांनीं बुवांची मैफल जन्मांत ऐकली नव्हती. त्याच सुमारास पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांच्या गांधर्व महाविद्यालयानें गाणें शिकण्यास प्रतिष्ठा मिळवून दिली. तें विद्यालय १९०१ सालीं लाहोरास सुरू झालें, आणि १९०८ सालीं त्याची शाखा मुंबईस आली. शिकणाऱ्या सर्वांचे गवई होत नाहींत, होऊंहि नयेत; परंतु त्या विद्यालयांतून बाहेर पडलेल्या शेंकडों मुलांमुलींतून ऐकणारांचा एक मोठा वर्ग तयार झाला.

ह्या वर्गानें आपल्या बसण्याउठण्याच्या जागा निर्माण केल्या. कोल्हापूरचा देवल क्लब, पुण्याचा भारत गायन समाज, मुंबईस गिरगांवांतला ट्रिनिटी क्लब आणि पुढें प्रो. देवधरांचें विद्यालय, ह्या जागा नुसत्या गाण्याच्या नव्हत्या. गाण्याविषयीं बोलण्याच्याहि होत्या. मैफल पहाटे संपली तरी तिची चर्चा आठवडाभर चाले. काल मारव्यांत धैवत कसा लागला, अमक्यानें अंतरा घाईनें कां उरकला, तबलजीनें लय कां वाढविली, ह्या गोष्टी चहाच्या पेल्यावर निकराला येत. ज्याला मैफलीस जातां आलें नाहीं त्याला ती ह्या बोलण्यांतून मिळे. आज ज्याला आपण जाणकार म्हणतों तो असाच घडला. एकाचें ऐकणें दुसऱ्याच्या ऐकण्यावर घासलें गेलें, म्हणजे कानाला धार येते.

एवढ्यांत एक यंत्र आलें.

एडिसननें ध्वनि साठविण्याचें यंत्र १८७७ सालीं तयार केलें, आणि त्यानंतर दहा वर्षांनीं बर्लिनर ह्यानें सपाट तबकडीची युक्ति काढली. १९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीचा तज्ज्ञ फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला, आणि त्या वर्षींच्या नोव्हेंबरांत त्यानें गौहरजान ह्या विख्यात गायिकेचें गाणें मुद्रित केलें. त्या जुन्या तबकड्यांच्या शेवटीं गायिका आपलें नांव मोठ्यानें सांगते. पुष्कळांना हा आढ्यतेचा प्रकार वाटतो. परंतु त्यामागें साधी व्यवहाराची गोष्ट होती. मुद्रित केलेल्या मूळ थाळ्या जर्मनींत हॅनोव्हर येथें पाठवीत आणि तबकड्या तेथें छापून येत. गाणें कोणाचें हें तेथील कारागिरांना कळावें म्हणून तें नांव तबकडींतच सांगून ठेवावें लागे. हा द्राविडी प्राणायाम १९०८ सालीं कलकत्त्यास सियालदा येथें कारखाना निघाल्यावर संपला.

तबकडीनें संगीताला काय दिलें आणि त्याचें काय घेतलें, ह्याचा वाद तेव्हांपासून चालू आहे. दहा इंची तबकडी मिनिटाला सुमारें अठ्ठ्याहत्तर फेरे घेई आणि तिच्या एका बाजूवर तीन मिनिटांचें गाणें मावे. आजच्या अतिविलंबित एकतालाचें एक आवर्तन पाऊण ते एक मिनिट घेतें. म्हणजे त्या हिशोबानें संपूर्ण बाजूवर तीन-चार आवर्तनें होतील न होतील तोंच सुई मध्यावर येऊन खरखरूं लागावयाची. मैफलींत जो राग तासभर उलगडावयाचा तो येथें तीन मिनिटांत कसा आटोपावा? कित्येकांनीं द्रुत चीज, तराणा, ठुमरी अथवा नाट्यपद गाऊन ही अडचण चुकविली. कांहींनीं मोठा ख्याल कापून त्याचा नमुना दिला. थोड्यांनीं मात्र ह्या बंधनाचाच उपयोग करून घेतला. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या उत्तर वयांतील तबकड्या ऐकाव्या. त्यांत कोठेंहि घाई नाहीं. राग पहिल्या स्वरापासून उभा राहतो, आणि तीन मिनिटें संपतात तेव्हां गाणें तुटल्यासारखें न वाटतां पुरें झाल्यासारखें वाटतें. आळवणीला वेळ लागतो हें खरें. तरी वेळ घेतला म्हणजे आळवणी झाली, असें मात्र नव्हे. हा धडा श्रोत्यांना तबकडीनें दिला.

परंतु तबकडीचा मोठा परिणाम गाण्याच्या लांबीवर न होतां ऐकणाराच्या घरावर झाला. कर्ण्याचें यंत्र दिवाणखान्यांत आलें आणि जें गाणें ऐकण्यासाठीं घरच्या पुरुषांना चोरून जावें लागे, तें घरांतल्या सर्वांदेखत वाजूं लागलें. आग्र्याच्या जोहराबाई, अलाहाबादच्या जानकीबाई, कलकत्त्याच्या गौहरजान ह्यांचे आवाज माजघरापर्यंत गेले. चावी भरणें आणि सुई बदलणें हें काम मुलांकडे असे, आणि स्वयंपाकघरांत भाजी निवडीत बसलेल्या बाईला, मैफलीच्या बिछायतीवर एकदांहि न बसतां, केदार आणि हमीर ह्यांतला भेद कळूं लागला. मराठी घरांतल्या बायकांच्या कित्येक पिढ्यांचें संगीताचें शिक्षण असें दाराआडून झालें आहे. त्यांनीं तें कोठें लिहून ठेवलें नाहीं. पण त्यांच्या मुली पुढें गाणें शिकूं लागल्या, हाच त्याचा पुरावा.

येथें एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ज्या बायकांचा आवाज आपण घरांत घेतला, त्या बायकांना आपण घरांत घेतलें नाहीं. तबकडीवर गाणाऱ्या धंदेवाईक बाईच्या नांवापुढें तिच्या गांवाचें नांव येई. उलट एखादी मुलगी प्रतिष्ठित घरची असली, तर तिच्या नांवापुढें ती हौशी आहे असें मुद्दाम छापीत. हेतु हाच कीं, विकत घेणारानें दोघींत गल्लत करूं नये. पुढें नभोवाणी आली तेव्हां हाच भेद सरकारी नियमांत शिरला. १९४६ च्या सुमारास, ज्यांचें खाजगी जीवन हा लोकापवादाचा विषय आहे अशांना नभोवाणीवर गाऊं देऊं नये, असा दंडक सरदार पटेलांच्या कारकीर्दींत घातला गेला. ज्यांनीं ठुमरी, दादरा आणि कित्येक जुने ख्याल कठीण काळांत जिवंत ठेवले, त्यांतल्याच कित्येकींना ह्या दंडकानें दार बंद झालें. रसिकतेचा इतिहास सांगतांना आपल्या वर्गाच्या उदारपणाच्या कथा सांगाव्या आणि हें पान गाळावें, हें प्रामाणिकपणाचें नाहीं. ह्या पार्श्वभूमीवर हिराबाई बडोदेकरांचें धैर्य उठून दिसतें. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. त्या उभ्या सभागृहापुढें शांतपणें बसून गाऊं लागल्या, आणि बाईचें गाणें कुटुंबासह ऐकावें ह्यांत कांहीं वावगें नाहीं, हें त्यांनीं एक अक्षर न बोलतां लोकांच्या गळीं उतरविलें.

तबकडीनें आणखी एक सामाजिक बंधन सैल केलें. यंत्र आणि तबकड्या विकत घेण्याची ऐपत थोड्यांची. परंतु हॉटेलवाले आणि दुकानदार गिऱ्हाईक ओढण्यासाठीं त्या लावीत, आणि रस्त्यावरून जाणारालाहि गाणें फुकट मिळे. गदगच्या बाजूचा एक शाळकरी मुलगा असाच ऐकत उभा राही. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी त्याच्या मनांत अशी कांहीं शिरली कीं, असें गाणें शिकविणारा गुरु शोधण्यासाठीं १९३३ सालीं तो घर सोडून निघाला. भीमसेन जोशी ह्यांची ही कथा महाराष्ट्रांत सर्वांना ठाऊक आहे. बेळगांव भागांतला दुसरा एक मुलगा मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखवी. लहान वयांत त्यानें सभा जिंकल्या, पुढें तो देवधरांच्या विद्यालयांत राहून शिकला, आणि ज्या अनुकरणानें त्याला कीर्ति मिळाली तें अनुकरण टाकून देऊन त्यानें आपली स्वतंत्र वाट काढली. ते कुमार गंधर्व. एकाला तबकडीनें गुरूच्या शोधास लावलें. दुसऱ्याला, तबकडीपाशींच थांबतां येत नाहीं, हें शिकविलें. दोघेहि आधीं श्रोते होते.

मात्र ह्या यंत्रापुढें सर्वच बसले नाहींत. अल्लादियाखाँसाहेब १८५५ सालीं जन्मले आणि १९४६ सालीं मुंबईस वारले. म्हणजे ध्वनिमुद्रणाचा धंदा हिंदुस्थानांत सुरू झाल्यानंतर ते चव्वेचाळीस वर्षें जगले, आणि तरीहि त्यांच्या गळ्याची एकहि तबकडी आज आपणांपाशीं नाहीं. भास्करबुवा बखले १९२२ सालीं गेले. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर ह्या तिन्ही परंपरांचें पाणी ज्यांनीं एका गळ्यांत जिरविलें, त्यांचाहि आवाज मागें राहिला नाहीं. विद्या गुरूच्या मुखांतून शिष्याच्या कानांत जावी, बाजारांत विकली जाऊं नये, ही त्या काळची समजूत आज आपणांस संकुचित वाटते. परंतु तिच्यांत अर्थ नव्हता असें नाहीं. ज्या गायकीचें सारें सौंदर्य एका आवर्तनांतून दुसऱ्या आवर्तनांत नेणाऱ्या लांबलचक श्वासांत आणि लयीशीं चाललेल्या अवघड झुंजींत आहे, तिनें तीन मिनिटांच्या चौकटीला नकार द्यावा, ह्यांत नवल तें काय? दुसऱ्या बाजूनें पाहतां, ज्यांचें जीवन सर्कशीच्या तंबूपासून कुरुंदवाडच्या वाड्यापर्यंत विलक्षण चढउतारांतून गेलें, त्या रहिमतखाँसाहेबांचा आवाज वार्धक्यांत कां होईना तबकडीवर आला, आणि म्हणून त्यांना भूगंधर्व कां म्हणत ह्याची थोडीशी कल्पना आपल्याला येते.

मग बखलेबुवा आपल्याला कसे कळतात? शिष्यांच्या गाण्यावरून कांहींसे कळतात. पण खरे कळतात ते श्रोत्यांच्या सांगण्यावरून. गोविंदराव टेंबे हे स्वतः पेटीवादक आणि रचनाकार. तथापि त्यांची मोठी देणगी त्यांच्या कानांत आणि लेखणींत होती. ‘माझा संगीत व्यासंग’ हें त्यांचें पुस्तक १९३९ सालीं प्रसिद्ध झालें. ज्या गाण्याचा एक स्वरहि यंत्रानें टिपला नाहीं, तें गाणें ऐकतांना माणसाची काय अवस्था होई, हें त्यावरून समजतें. केशवराव भोळे ह्यांनीं ‘एकलव्य’ ह्या नांवानें ‘वसुंधरा’ पत्रांत गायकांवर लेख लिहिले, आणि मराठींत संगीतसमीक्षेचा पाया घातला. त्यांनीं नुसतें ‘बहार आली’ असें लिहून काम भागविलें नाहीं. आवाजाची जात कोणती, ताना कोणत्या अंगाच्या, लयीची पकड कशी, हें ते फोड करून सांगत. आणि जें आवडलें नाहीं तेंहि सांगत. पुढें १९६१ सालीं वामनराव देशपांड्यांचें ‘घरंदाज गायकी’ आलें, तें ह्याच परंपरेंतलें. धंद्यानें हिशेबतपासनीस असलेल्या ह्या गृहस्थानें वेगवेगळ्या घराण्यांचीं गाणीं जन्मभर ऐकून त्यांची स्वर आणि लय ह्यांच्या तोलावर मांडणी केली. क्लबांतल्या चहाच्या पेल्यावरची चर्चा ती हीच; फक्त छापून आल्यामुळें ती टिकली.

नभोवाणीनें ऐकणारांची संख्या कैक पटींनीं वाढविली. मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, आणि १९५२ सालीं संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाल्यावर दूरच्या खेड्यांतला शिक्षकहि आपल्या खोलींत बसून दिल्लीहून प्रक्षेपित होणारी मैफल ऐकूं लागला. तबकडीनें रागांचा समयनियम मोडला होता. ज्याला वाटेल त्यानें सायंकाळीं भैरव लावावा. नभोवाणीनें तो पुष्कळसा सांभाळला, आणि तोडी सकाळची व यमन सायंकाळचा, ही जाण सर्वसामान्य श्रोत्याच्या अंगीं मुरविली. १९५३ सालीं सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ पुण्यास महोत्सव सुरू झाला. त्यानें घरोघर विखुरलेल्या ह्या श्रोत्यांना पुन्हां एका मांडवाखालीं आणलें. थंडींत घोंगडी पांघरून रात्र रात्र बसणारा हा समुदाय कोठल्याहि दरबारांत मावला नसता. १८७४ सालच्या मूठभर सभासदांचा तो वंशविस्तारच होय.

त्यानंतर फितीचें यंत्र आलें, आणि श्रोता प्रथमच स्वतः मुद्रण करूं लागला. घरगुती बैठकींतलें गाणें, गायकाच्या संमतीनें आणि कधीं तिच्याशिवायहि, फितींवर उतरूं लागलें. आणि एकाची फीत दुसऱ्याकडे जाऊं लागली. ‘तुमच्याकडील भूप द्या, आमच्याकडील नट कामोद घ्या,’ असा हा व्यवहार चाले. त्यांत पैसा क्वचितच असे. परंतु लोभ पुष्कळ असे, आणि मत्सरहि असे. आपल्याजवळची फीत दुसऱ्याला ऐकवावयाची नाहीं अशी प्रतिज्ञा केलेले संग्राहक होऊन गेले. त्यांच्या पश्चात् कपाटांतल्या फितींना बुरशी लागली, आणि ज्या गाण्याला त्यांनीं जिवापाड जपलें, तें जपण्यामुळेंच नाहींसें झालें. उलट, ज्यांनीं मोकळेपणानें वांटलें त्यांच्या फिती कोठें ना कोठें तरी जिवंत आहेत. उस्तादांच्या कृपणपणावर आपण टीका करतों. ऐकणारांचा कृपणपणा त्याहून कमी घातक ठरला नाहीं.

ह्या वृत्तीवरचा उतारा म्हणून १९९० सालीं मुंबईस स्थापन झालेल्या ध्वनिमुद्रिका-संग्राहकांच्या संस्थेकडे बोट दाखवितां येईल. चोरबाजारांतून, जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरून, मोडीच्या दुकानांतून मिळविलेल्या तबकड्या एकत्र बसून ऐकावयाच्या, आणि त्यांची माहिती आपल्या नियतकालिकांत छापावयाची, असा ह्या मंडळींचा उद्योग. बाहेरून पाहणाराला तो निरुपद्रवी छंद वाटेल. पण त्यांत किती बारकावे असतात पाहा. अगदीं आरंभींच्या तबकड्या बरोबर अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांनींच मुद्रित झालेल्या नाहींत. कोणी सत्तरांच्या आसपास, तर कोणी ऐंशींच्या. शंभरांत सहा फेरे जास्त झाले तर स्वर एका श्रुतीनें नव्हे, चांगला अर्ध्या स्वरानें चढतो. काळी एकमध्यें गाणारी बाई पांढरी दोनमध्यें गाऊं लागते, लय वाढते, आणि आवाज किरटा होतो. मग आपण म्हणतों कीं, जुन्या बायका किरट्या गात! दोष त्यांच्या गळ्याचा नसून आपल्या यंत्राच्या गतीचा असतो. तबकडीवर छापलेलें रागाचें नांवहि कित्येकदां चुकलेलें असतें. ह्या चुका एकट्यानें ऐकून सहसा उमगत नाहींत. चार कान एकत्र आले, एकानें शंका काढली, दुसऱ्यानें आपल्याकडची प्रत आणून ताडून पाहिली, म्हणजे त्या निस्तरतात.

एका श्रोत्यानें दुसऱ्याला ‘हें ऐका’ असें सांगण्याचें सामर्थ्य किती असूं शकतें, ह्याचें एक उदाहरण सांगून हा विषय आटोपतों. गोव्यांतील केरी गांवीं १८९२ सालीं जन्मलेल्या केसरबाई केरकर ह्या अल्लादियाखाँसाहेबांच्या पट्टशिष्या. गुरूनें तबकडीला नकार दिला होता. शिष्येनें तिला थोडी जागा दिली. १९७७ सालीं अमेरिकेनें सूर्यमालेच्या पलीकडे जाणारीं दोन व्हॉयेजर यानें सोडण्याचें ठरविलें, आणि त्यांत मानवजातीचे आवाज व संगीत भरलेली एक सुवर्णलिप्त तबकडी ठेवण्याची योजना झाली. त्या नव्वद मिनिटांच्या संगीतासाठीं सबंध पृथ्वीवरून सत्तावीस नमुने निवडावयाचे होते. रॉबर्ट ब्राउन ह्या संगीताच्या अभ्यासकानें केसरबाईंच्या भैरवीचें नांव सुचविलें. ती तबकडी तेव्हां बाजारांत मिळत नव्हती. शोधतां शोधतां अखेर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानांत तिच्या प्रती सांपडल्या. एका जाणत्या श्रोत्यानें जें ऐकलें होतें तें त्यानें वेळेवर सांगितलें, एवढ्यानें ती साडेतीन मिनिटांची भैरवी आज सूर्यापासून अब्जावधि मैल दूर चालली आहे. यानें ऑगस्ट-सप्टेंबरांत सुटलीं आणि सप्टेंबरच्या मध्यास केसरबाई निवर्तल्या. भैरवी ही मैफल संपवितांना गावयाची. हा योगायोग मनाला चटका लावून जातो.

आतां गाण्याची टंचाई उरलेली नाहीं. जें ऐकण्यासाठीं पूर्वीं बैलगाडीनें कोल्हापूर गांठावें लागे, तें बोटाच्या टोंकाशीं आलें आहे. आणि गौहरजानपासून कालच्या मैफलीपर्यंत सर्व कांहीं एकाच पेटींत सांपडतें. हें भाग्य लहान नव्हे. परंतु ऐकण्याची जागा पुन्हां बंद खोली होत चालली आहे. पूर्वीं ती श्रीमंताची बंद खोली होती, आतां ती ज्याची त्याची आहे. कानांत बोंडें घालून जो तो आपापलें ऐकतो, आणि शेजारचा काय ऐकतो हें त्याला ठाऊक नसतें. अशा ऐकण्यानें सुख मिळेल; जाणकारी येईल कीं नाहीं, ह्याची शंका आहे. ती दुसऱ्याच्या कानाशीं आपला कान लावून पाहिल्यानेंच येत आली आहे, एवढें वरील इतिहासावरून दिसतें.

म्हणून ज्याला गाण्याची आवड आहे त्यानें एवढें व्रत घ्यावें. जें ऐकलें तें कोणाला तरी सांगावें, आणि सांगतांना नेमकें सांगावें. राग कोणता, गाणारें माणूस कोण, मैफल कोणत्या सालची व कोठली, साथीला कोण होतें, आणि आपल्याला कोणत्या जागीं काय वाटलें, हें एका ओळींत कां होईना टिपून ठेवावें. घरांतल्या मुलांना बोलावून तीं तीन मिनिटें त्यांच्याबरोबर ऐकावीं. आजीला कोणती तबकडी आवडत होती हें ती आहे तोंवर विचारून घ्यावें. बखलेबुवांचें गाणें ज्यांनीं ऐकलें त्यांतलें आज कोणीहि हयात नाहीं. तरी तें गाणें अगदींच नाहींसें झालें नाहीं, ह्याचें कारण त्या पिढीच्या श्रोत्यांनीं आपलें ऐकणें आपल्यापुरतें ठेवलें नाहीं. आपणहि आपल्या काळच्या गाण्याचें एवढें देणें लागतों.